ली-एनफिल्डच्या नळीतून काढलेली शिशाची गोळी ०.३०८५ दाखवतेय, नळी .३०३ चीच आहे ना?

ओहायोकर

मंडळी, रायफल आहे एसएमएलई (आखूड ली-एनफिल्ड) नंबर १ मार्क ३ स्टार, ईशापूर कारखान्याची. बट सॉकेटवर मुकुट, जीआरआय आणि १९४३. इथे ओहायोत रीतसर घेतलेली आहे. ओतीव शिशाच्या गोळ्या वापरायच्या आहेत, म्हणून आधी नळीचं माप काढायला घेतलं.

केलं ते असं. बोल्ट काढला, नळी साफ करून तेलाचा हलका हात दिला. मझललोडरवाल्यांकडे मिळते ती ०.३२० इंची मऊ शिशाची गोल गोळी तोंडाकडून ठोकून आत घातली आणि पितळी सळईने चेंबरकडून बाहेर काढली. गोळीवर पाच उंचवटे आणि पाच खोलगट पट्टे स्वच्छ उमटलेत. उंचवट्यांचे माथे पूर्ण रुंदीभर चकचकीत आहेत, लांबीच्या दिशेने बारीक रेघाही दिसतात.

आता अडचण. मायक्रोमीटरमध्ये धरून रॅचेट फिरवला की गोळी जराशी गोल वळून बसते आणि ०.३०८५ इंच दाखवते. उंचवटा बदलून पाहिला तरी तेच. मुद्दाम तिरकी धरली तर आकडा ०.३१२ पर्यंत चढतो, पण तिथे गोळी टिकत नाही, घसरून पुन्हा ०.३०८५ वर येते. सगळीकडे वाचलं की .३०३ ची खाचेतली मापं ०.३११ च्या खाली सहसा नसतात. ईशापूरने पुढे ७.६२ च्या रायफली केल्या आणि त्यांचं खाचेतलं माप ०.३०८ असतं. माझ्या रायफलीला कुणी ती नळी बसवली असेल का? असेल तर .३०३ चं काडतूस त्यात घालणंच चूक.

---

टूलरूम_भोसरी

नळी बदललेली नाही. गोळीही ठीक आणि मायक्रोमीटरही ठीक. मोजायची पद्धत पाच खाचांना लागू पडत नाही, इतकंच.

एनफिल्ड पद्धतीच्या नळीत पाच खाचा असतात, डावा पीळ, १० इंचांत एक फेरा. संख्या विषम असल्यामुळे एका खाचेच्या बरोबर समोर दुसरी खाच येत नाही, लँड (दोन खाचांमधला उंच भाग) येतो. तुमच्या गोळीवर ते उलटं उमटलंय: उंचवटा म्हणजे नळीतली खाच, खोलगट पट्टा म्हणजे नळीतला लँड. तुम्ही गोळी सपाट जबड्यांत धरता तेव्हा एका बाजूला उंचवटा टेकतो आणि समोर खोलगट पट्ट्याचा तळ. म्हणजे आकडा येतो तो खाचेची त्रिज्या अधिक लँडची त्रिज्या. तो खाचेचा व्यास नाही आणि लँडचाही नाही.

गोळी आपोआप वळून का बसते तेही यातच आहे. तिरकी धरली की वर उंचवटा आणि खाली समोरच्या पट्ट्याशेजारच्या उंचवट्याची कड टेकते. दोन्ही स्पर्श एका रेषेत नसतात, म्हणून दाबाने गोळी फिरते आणि सगळ्यात कमी जागा शोधते. ती कमीत कमी जागा म्हणजे उंचवट्यासमोर पट्टा. एनफिल्डमध्ये खाच आणि लँड यांची रुंदी जवळजवळ सारखी असते, त्यामुळे एका नेमक्या कोनात उंचवट्याची कड समोरच्या कडेच्या बरोबर पुढे येते आणि तेवढ्यापुरता खरा व्यास मिळायला हवा. पण शिशाच्या कडा कधीच धारदार उमटत नाहीत, रॅचेटच्या दाबाने आणखी बसतात. तुम्हाला दिसलेला ०.३१२ हा तो दबलेला आकडा. खरा व्यास त्याहून मोठा आहे.

मग हिशोब असा: खाचेचा व्यास = २ × मायक्रोमीटरचा आकडा − लँडचा व्यास.

लँडचा व्यास गोळीवरून काढायला जाऊ नका. पिन गेज, म्हणजे नेमक्या व्यासाच्या पोलादी पिना, घ्या. अर्ध्या थाऊच्या (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पायरीने मिळाले तर उत्तम, नाहीतर एक थाऊ. साफ, कोरड्या नळीच्या तोंडात हलक्या हाताने सरकणारा सगळ्यात मोठा पिन म्हणजे तुमचा लँडचा व्यास. जोर लावायचा नाही, आणि पिनला तेलाचा फिकट हात हवा, नाहीतर पोलाद पोलादात आवळतं. .३०३ मध्ये ०.३०३ च्या आसपास पिन जाईल. तसं असेल तर २ × ०.३०८५ − ०.३०३ = ०.३१४. युद्धकाळातल्या ली-एनफिल्डला हे अगदी सर्वसाधारण माप आहे.

या सूत्राला दोन अटी. एक, मायक्रोमीटरची चूक दुप्पट होते. दोन दहांश थाऊ चुकलात तर उत्तर चार दहांशांनी चुकेल. म्हणून आधी शून्य तपासा, गेज ब्लॉक किंवा ०.३०० चा पिन मोजून खात्री करा, आणि रॅचेटचे प्रत्येक वेळी सारखेच टिकटिक घ्या, दोन किंवा तीन. शिसं मऊ आहे, चौथ्या टिकटिकीला तुम्ही मोजत नसता, दाबत असता. दुसरी अट, गोळीचा घासलेला पट्टा आखूड हवा. गोल गोळीचा तो दोन-तीन मिलिमीटर असतो, म्हणून तुमचा आकडा वापरण्याजोगा आहे. १० मिलिमीटर लांब दंडगोल घातलात तर पिळामुळे तेवढ्या लांबीत उंचवटा १४ अंशांनी वळतो. मग सपाट जबड्याखाली एका टोकाला पट्टा आणि दुसऱ्या टोकाला उंचवट्याची कड येते, कमीत कमी आकडा फुगतो आणि सूत्र कोलमडतं.

व्हर्नियर या कामाला नको. त्याची अचूकता पुरत नाही आणि पातळ जबडे शिशात रुततात.

---

गळ_आणि_जाळं

एक सोपा उपाय वाचल्याचं आठवतंय. गोळीभोवती दोन थाऊचा शिम (पातळ पत्रा) घट्ट एक वेढा गुंडाळायचा, त्यावरून मोजायचं आणि शिमची जाडी दोनदा वजा करायची. शिम उंचवट्यांवर पूल बांधतो म्हणे. पिन गेजचा सेट सगळ्यांकडे नसतो.

---

टूलरूम_भोसरी

सहा किंवा चार खाचांना शिमची गरजच नाही, समोरासमोर थेट मोजता येतं. पाचांना तो मदत करत नाही. आकडे घालून बघा. खाचेची त्रिज्या ०.१५७ धरली तर दोन उंचवट्यांच्या कडांवर ताणून बसलेला शिम मध्यभागी ०.१४९ वर येतो. खोलगट पट्ट्याचा तळ ०.१५१५ वर आहे. म्हणजे शिम अधांतरी राहतच नाही, पट्ट्यावर पडतो. मोजमाप तेच, वर शिमच्या जोडाची चूक. सैल गुंडाळला तर तो स्वतःच्या ताठरपणाने फुगतो आणि तुम्ही शिमचा गोल मोजता.

पाच खाचांसाठी नीट हत्यार म्हणजे व्ही-अॅनव्हिल मायक्रोमीटर, १०८ अंशांचा. रीमर आणि एंड मिल मोजायला वापरतात तोच. टूलरूममध्ये बहुतेक ६० अंशांचा सापडेल, तो तीन फ्लूटचा आहे, पाचांना चुकीचा आकडा देईल. मार्टिनी-हेन्रीसारख्या सात खाचांना १२८ अंश ३४ मिनिटांचा लागतो. उसना मिळाला तरी वापरण्याआधी तेवढ्याच आकाराच्या गोल पिनवर तपासा.

---

शिसं_ओतणारा_टेक्सास

हत्यार न घेता करायचा आणखी एक मार्ग आहे आणि ओतकाम करणाऱ्यांकडे त्याचं सामान बहुधा असतंच: साइझिंग डाय, म्हणजे गोळी नेमक्या मापाची करायचा गोल भोकाचा साचा. ०.३१३, ०.३१४, ०.३१५ च्या डायमधून गोळी मोठ्याकडून लहानाकडे हाताने ढकलत जायची. गोल भोकाला विषम-सम याच्याशी काही देणंघेणं नाही, ते सगळ्या उंचवट्यांना एकदम भिडतं. ज्या डायमध्ये पाचही माथ्यांवर नुसती चमक येते, शिसं सोललं जात नाही, तो तुमचा आकडा. फक्त डायवर कोरलेल्या आकड्यावर विश्वास ठेवू नका. त्यातून मऊ शिशाची साधी गोळी पार करा आणि ती मोजा, तो डायचा खरा आकार.

क्रम मात्र पाळा. डायमध्ये घातलेल्या गोळीचा पुरावा गेला, म्हणून आधी मायक्रोमीटर, मग डाय. किंवा दोन गोळ्या काढा.

आता मूळ कामाबद्दल, कारण मोजमापाच्या आधीच निम्म्या चुका झालेल्या असतात.

शिसं शुद्ध हवं, ब्रिनेल (कडकपणाचं माप) पाचच्या आसपासचं. नखाने ओरखडा उठला पाहिजे, फरशीवर टाकलं तर बद्द वाजलं पाहिजे. टायरला लावायची वजनं नकोत, त्यांत अँटिमनी असतं, हल्ली जस्ताचीही येतात. कडक मिश्रधातू नळीतून बाहेर आल्यावर किंचित फुगतो आणि माप जास्त दाखवतो, शिवाय ठोकायला दुप्पट जोर लागतो. गळाला लावायचं शिसं चालतं, पण इथे बऱ्याच दुकानांत आता त्याच आकारात बिस्मथ आणि कथलाची वजनं ठेवतात, बिस्मथ ठिसूळ असतो, कडा तुटतात. छर्ऱ्यांतला शून्य नंबरचा बकशॉट ०.३२ इंचाचा असतो, आकार बरोबर, पण तो बहुधा अँटिमनी घालून कडक केलेला असतो. ओहायोकरांनी घेतलेली मझललोडरची गोळी सगळ्यात बरी.

आकार खाचेच्या अंदाजी मापाहून पाच-सहा थाऊ जास्त. लहान पडली तर खाचेचा तळ भरत नाही आणि तुम्हाला कळतही नाही. ओळखायची खूण वर दिलीच आहे: माथा पूर्ण रुंदीभर घासलेला हवा. माथ्यावर मूळ ओतीव शिशाचा मंद करडा रंग कुठे राहिला असेल तर ती गोळी फेकून द्या. .३०३ मध्ये हे फार महत्त्वाचं, कारण या नळ्या ०.३१७ पर्यंत सापडतात आणि त्यात ०.३२० ची गोळी जेमतेम भरते. मोठी हवी असेल तर त्याच गोळीला ऐरणीवर दोन हलके ठोके देऊन चपटी करा, बाजूने फुगते.

नळी आधी तांब्यासकट साफ. जुन्या मार्क सातच्या गोळ्यांना क्युप्रो-निकेलचं आवरण असायचं, त्याच्या गुठळ्या खाचेत बसून राहतात आणि गोळीवर खोटी घट्ट जागा उमटते. अमोनियाचं सॉल्व्हंट, ब्रश, पॅच, पुन्हा सॉल्व्हंट, पॅच निळा यायचा थांबेपर्यंत. नंतर पूर्ण कोरडी करायची आणि एकाच तेलकट पॅचने पुसायची. तेल जास्त झालं तर खाचेच्या तळाशी साचतं, गोळीपुढे त्याला जायला जागा नसते, आणि गोळी तेवढ्यापुरती लहान निघते.

ठोकायला लाकडी किंवा कच्च्या चामड्याची हातोडी, तोंडाच्या कडेला लोखंड लावायचं नाही. पहिल्या ठोक्याला शिशाची बारीक बांगडी सोलून निघते, ती बरोबर आहे. गोळी तोंडाच्या बरोबरीत आली की पुढचं सळईने. सळई पितळेची, ६ मिलिमीटर, टोक सपाट. एसएमएलईची नळी २५.२ इंच म्हणजे ६४० मिलिमीटर, सळई ८०० ची घ्या. दर वीतभर अंतरावर टेपचा एक वेढा द्या म्हणजे ती लँडवर घासत नाही. लाकडी डॉवेल अजिबात नको. लाकूड रेषेच्या दिशेने तिरकं फुटतं, दोन पाचरी एकमेकींवर चढतात आणि जितकं ठोकाल तितक्या आवळतात. गोळीपेक्षा ते काढणं कठीण.

ठोकणं सुरुवातीच्या इंचापुरतंच. पुढे दोन्ही हातांनी सळई दाबत न्या, कारण खरी माहिती हाताला मिळते. कुठे अडलं, कुठे एकदम सैल सुटलं, ते सळईवर खुणेच्या पेनने टिपा.

---

ओहायोकर

फार मदत झाली. पिन गेज मिळाले. ०.३०३ चा सहज जातो, ०.३०३५ चा घुसतो पण बोटांना अडखळतो, ०.३०४ चा तोंडाशीच थांबतो. सूत्राने ०.३१३५ ते ०.३१४ येतं. डायमध्ये पाहिलं: ०.३१५ मधून न लागता गेली, ०.३१४ मध्ये पाचही माथ्यांवर चमक आली, ०.३१३ मध्ये शिशाच्या बारीक कात्र्या निघाल्या. म्हणजे ०.३१४ धरतो.

हाताला मात्र एक जाणवलं. तोंडापासून दोनेक इंच गोळी सैल, मग घट्ट, मग शेवटपर्यंत सारखी, आणि चेंबरच्या अलीकडे एकदम मोकळी. आता मोल्ड कोणत्या मापाचा घ्यावा? आणि ७.६२ च्या शंकेचं काय, फक्त नळीच्या मापावर ती मिटली म्हणायची का?

---

टूलरूम_भोसरी

७.६२ चं आधी. नळीच्या मापावर विसंबू नका, चेंबर बघा. दोन्ही काडतुसांत गोंधळाला जागा नाही: .३०३ ला मागे रिम (बाहेर आलेली कड) असते आणि केस (काडतुसाचं पितळी नळकांडं) ५६ मिलिमीटर लांब, ७.६२ ला बाहेर आलेली रिम नाही आणि केस ५१ मिलिमीटर. ईशापूरच्या ७.६२ च्या २ए आणि २ए१ या १९६० च्या दशकातल्या, नव्याने बनवलेल्या, आणि त्यांचं मॅगझिन चौकोनी दिसतं. २ए१ च्या मागच्या साइटवर आकडे ८०० पर्यंतच. तुमच्या १९४३ च्या सॉकेटवर .३०३ चीच नळी असणार, तरी चेंबरचं कास्ट (आतल्या आकाराचा ठसा) काढलंत की पक्का पुरावा मिळेल. चेंबर बंदूकवाल्या मिस्त्रीकडून एकदा गेजने तपासून घ्या, हेडस्पेसही (बंद बोल्ट आणि काडतूस यांच्यातली मोकळीक) त्यातच कळेल.

आता तोंडाजवळच्या सैलपणाबद्दल. गोळी ज्या जागांतून जाते त्यांतल्या सगळ्यात आवळ जागेचं माप घेऊन बाहेर येते, कारण शिसं पुन्हा फुगत नाही. तुमचा ०.३१४ हा नळीच्या मधल्या आवळ भागाचा आहे. तोंडाचा आणि थ्रोटचा (चेंबरच्या पुढे खाचा सुरू होतात त्या जागेचा) नाही. या रायफली दोरीच्या पुलथ्रूने (नळीतून ओढायच्या दोरीने) साफ करत, दोरी एकाच बाजूला घासली की तोंडाला अंडाकृती झीज येते. दुसरी गोळी फक्त दोन बोटं आत घाला आणि मागून सळईने त्याच वाटेने परत बाहेर काढा. ते तोंडाचं माप. गोळीवर कोणता उंचवटा वरच्या बाजूचा ते खूण करून ठेवा, म्हणजे झीज कुठल्या अंगाला आहे ते दिसेल.

---

शिसं_ओतणारा_टेक्सास

मोल्ड घेण्याआधी थ्रोट मोजा. ओतीव गोळीला खाचेपेक्षा एक ते दोन थाऊ जास्त माप हवं, म्हणजे तुमच्याकडे ०.३१५ ते ०.३१६. पण कॉर्डाइटने (जुन्या .३०३ काडतुसांतल्या दारूने) थ्रोट खाल्लेली असते आणि ती खाचेपेक्षा मोठी असेल तर गोळी थ्रोटला बसली पाहिजे. खाचेला बसणारी पण थ्रोटमध्ये सैल गोळी सुरुवातीच्या त्या छोट्या उडीतच एका बाजूला कलते, कडेने गॅस निसटतो, शिसं वितळून नळीला चिकटतं. दहा-बारा गोळ्यांत खाचेत रुपेरी रेघा दिसायला लागतात आणि कागदावर लांबट भोकं पडतात.

थ्रोट मोजायची माझी आवडती पद्धत म्हणजे ठोकलेलं कास्ट. त्याच रायफलीत डागलेली रिकामी केस घ्या, तिचा प्रायमर डागलेला आणि काढून टाकलेला आहे हे डोळ्यांनी बघा. केस तोंडाच्या थोडं खालपर्यंत वितळलेल्या शिशाने भरा. केस पूर्ण कोरडी हवी: शिसं ३२७ अंश सेल्सियसला वितळतं, पाण्याचा एक थेंब असला तरी वाफ होऊन तप्त शिसं तोंडावर उडतं. गार झाल्यावर तोंडात मऊ शिशाचा एक तुकडा बसवा, अर्धा इंच बाहेर राहील असा आणि थ्रोटमध्ये सहज सरकेल एवढाच जाड. केस चेंबरमध्ये, बोल्ट बंद. नळीच्या तोंडातून जाड पितळी किंवा टेप लावलेली पोलादी सळई घाला, ती तुकड्यावर टेकली की मध्यम हातोडीचे सहा-आठ दमदार ठोके. तुकडा जागच्या जागी फुगतो, थ्रोट आणि खाचांची सुरुवात भरतो. बोल्ट उघडला की केससकट सगळं मागे बाहेर. ओढून काढताना माप बिघडत नाही, कारण ते मोकळ्या बाजूने निघतं.

काही जण सेरोसेफ (कमी तापमानाला वितळणारा मिश्रधातू) ओततात. ते ७१ ते ८८ अंश सेल्सियसच्या दरम्यान वितळतं, उकळत्या पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून भागतं. पण मोजायची वेळ पाळावी लागते: पहिला अर्धा तास ते आक्रसतं, मग फुगायला लागतं, तासाभराने चेंबरच्या मापाला येतं आणि त्यानंतरही वाढतच राहतं. तासाला मोजा आणि आकडा लिहून ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजू नका. त्यात कॅडमियम आहे, थेट ज्योतीवर धरायचं नाही.

जाड गोळीची एक मर्यादा. डागलेल्या, रीसाइझ न केलेल्या केसच्या तोंडात गोळी बोटाने सरकली पाहिजे. सरकत नसेल तर चेंबरच्या मानेत केसला फाकायला जागा उरणार नाही, गोळी सुटायला अडेल आणि दाब चढेल. त्या परिस्थितीत केसची मान आतून पातळ करा किंवा एक थाऊ लहान गोळी घ्या. यात तडजोड नाही.

आणि आवरणाच्या तयार गोळ्या वापरल्यात तर त्या ०.३११ किंवा ०.३१२ च्या येतात. तुमच्या ०.३१४ मध्ये बोट-टेलपेक्षा (मागे निमुळत्या होणाऱ्या गोळीपेक्षा) सपाट बुडाची घ्या, दाबाने बूड फाकून खाच जरा बरी भरते.

---

दहा_मीटर_बालेवाडी

भारतातून वाचणाऱ्यांसाठी थोडं. आपल्याकडे .३०३ प्रोहिबिटेड बोअर आहे, त्यामुळे हे काम बहुतेकांना करायला मिळणार नाही. पण हीच चाचणी ४.५ मिलिमीटरच्या एअर रायफलीवर होते आणि तिथे गोळी बनवावीही लागत नाही, पेलेटच मऊ शिशाचं असतं.

एअर सिलिंडर काढून, रायफल कॉक न करता, ब्रीचकडून पेलेट बसवा आणि ३ मिलिमीटरच्या पितळी किंवा प्लॅस्टिकचं आवरण असलेल्या सळईने हळू ढकला. चांगल्या मॅच बॅरलमध्ये ते सबंध लांबी सारख्या दाबाने सरकतं आणि शेवटच्या इंच-दोन इंचांत घट्ट होतं. तो चोक, मुद्दाम ठेवलेला. मधेच घट्ट लागलं तर आधी साफसफाई करा आणि बाहेरून बॅरलवर काही आवळून बसवलंय का बघा, बॅरलबँडचा स्क्रू जास्त पिळला की तिथेच अडतं. तोंडाशी उलट सैल लागत असेल तर क्राउनची (बॅरलच्या तोंडाच्या कडेची) तपासणी.

यात आकड्यापेक्षा खुणा बघायच्या. पेलेटच्या डोक्यावर लँडच्या पुसट, सारख्या अंतरावरच्या रेघा हव्यात, मागच्या झालरीवर खोल. डोक्यावर एकाच बाजूला रेघा असतील तर पेलेट वाकडं बसलंय किंवा डोकं लहान आहे. पेलेट ४.४९ पासून ४.५२ पर्यंतच्या डोक्यांची मिळतात, त्यातला क्रम लावायला ही चाचणी उपयोगी पडते, शेवटचा निकाल मात्र बॅरल शिकंज्यात धरून काढलेल्या ग्रुपवरच.

---

गळ_आणि_जाळं

शिम मागे घेतो, हिशोब पटला. एक विचारायचं राहिलं. समजा गोळी नळीत मधेच अडकली, तर?

---

शिसं_ओतणारा_टेक्सास

डागून काढायचा विचार मनात आणायचा नाही, नळी फुगते किंवा फाटते. ड्रिलही नाही, ते लँडवर जातं. बत्तीने किंवा दिव्याने नळी तापवायची नाही.

दोन्ही बाजूंनी आत शिरणारं तेल ओता, नळी उभी ठेवून रात्रभर राहू द्या. मग ज्या बाजूने आली त्याच बाजूने परत ढकला, कारण मागची वाट आधीच कोरलेली आहे. सळई बदला: बारीक सळई शिशाच्या मध्यात रुतते, शिसं बाजूला फाकतं आणि जास्त आवळतं. बहुतेक गोळ्या याच कारणाने अडकतात. .३०३ ला ७ मिलिमीटरची सपाट टोकाची पितळी सळई घ्या, म्हणजे दाब सगळ्या तोंडावर बसेल. हलके ठोके मारत बसू नका, प्रत्येक हलका ठोका गोळी फुगवतो. जड हातोडी आणि मोजके ठोके. डॉवेल फुटून पाचर झाली असेल तर तेल नको, लाकूड फुगेल. कोरडं राहू द्या आणि विरुद्ध बाजूने ढकला.

बाहेर आल्यावर गोळी अखंड आहे का बघा, ठोकण्याआधी तिचं वजन केलं असेल तर तोंडाशी निघालेल्या बांगडीसकट पुन्हा तोला. तूट आली तर शिसं आत आहे. कोरडा पॅच दोनदा फिरवा, चेंबरकडून उजेडासमोर धरून नळी बघा, मगच बोल्ट लावा. हात साबणाने धुवा, आणि ज्या फडक्याने शिसं पुसलं ते घरच्या कपड्यांत धुवायला टाकू नका.

---

ओहायोकर

ठोकलेलं कास्ट काढलं. थ्रोट ०.३१६ निघाली, चेंबर .३०३ चंच, रिमची जागा स्पष्ट उमटली आहे. तोंडाची गोळी डायने ०.३१५ दाखवते, झीज खालच्या अंगाला जास्त. डागलेल्या केसच्या तोंडात ०.३१६ चा पिन मोकळा जातो. ०.३१६ टाकणारा मोल्ड मागवतोय, गॅस चेकवाला (गोळीच्या बुडाला तांब्याची टोपी बसते तो), आणि साइझिंग डाय त्याच मापाचा.

---

टूलरूम_भोसरी

मोल्ड आला की त्यातून पडलेल्या गोळीचं माप त्याच मिश्रधातूत घ्या ज्यात पुढे ओतणार आहात. मोल्डवर लिहिलेला आकडा ठरावीक मिश्रणाचा असतो, मऊ शिसं त्याच साच्यातून एखाद थाऊ लहान पडतं. ०.३१५ पडली तर साच्याला लॅप करून (आतून घासून) वाढवता येईल, ०.३१७ पडली तर डाय आहेच.

आणि हे तीनही आकडे, तोंड, मध्य, थ्रोट, गोळ्यांसकट छोट्या डबीत तारखेसह ठेवा. गोळ्या एकमेकींवर आपटणार नाहीत अशा, कापसात. पुढे नळी किती झिजली ते याच गोळ्यांशी ताडून कळेल.